कायदा झाला, आता बसायला चार फूट जागा द्या!

जूनचा दुसरा आठवडा. पहिला दमदार पाऊस होऊन गेलेला. सकाळी सात-सव्वासातला तुम्ही पहिल्या लेक्चरसाठी निघालेले असता. पाठीवर सॅक, कानात इयरफोन, आणि छत्री नेमकी घरी विसरलेली. स्टेशनच्या जिन्याखाली एक बाई बसलेली असते. समोर ओलं फडकं, त्यावर शेवळाच्या जुड्या, बाजूला काकडांचा लहानसा ढीग, थोडा टाकळा, थोडी कुरडू. कसाऱ्याच्या बाजूने, खर्डी-आसनगावकडून ती पहिल्या गाडीच्या लगेज डब्यातून आलेली असते. तिला तुम्ही शंभरदा पाहिलंय, पण गर्दीत थांबायला वेळ कोणाला आहे?

मागच्या पावसाळ्यात मी थांबलो, कारण सोबत आई होती. आमच्याकडे वर्षातून दोनदा तरी शेवळाचं कालवण झालंच पाहिजे, असा तिचा हट्ट. ती जुड्या निवडत होती. ‘मावशी, काकडं थोडी जास्त घाला हं, गेल्या खेपेला घसा खाजला,’ असं चाललं होतं. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी ओरडलं, ‘गाडी आली, गाडी आली!’ मावशींनी फडक्याची चार टोकं एका मुठीत धरली आणि त्या पळाल्या. साठीच्या बाई, पायात साध्या चपला, रस्ता ओला. आईच्या हातात एक जुडी तशीच राहिली. पैसे द्यायचे होते.

आईने मला अर्धा तास फिरवलं. शेवटी रिक्षा स्टँडच्या मागे, एका बंद दुकानाच्या पायरीवर मावशी सापडल्या. काकडं वाटेत सांडली होती. आईने साठ रुपये दिले. ते कनवटीला लावता लावता मावशी म्हणाल्या, ‘ताई, आमी चोरी करतो का गं?’

आई काही बोलली नाही. मलाही उत्तर आलं नाही. लेक्चर तर बुडालंच होतं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी शोधाशोध सुरू केली. मावशींचं काम गुन्हा तर नाहीच, उलट मावशींसारख्यांनी आपला माल शहरात आणून थेट विकावा म्हणून आपल्या राज्यात कायदा बदलला गेलाय, बाजार भरवायची योजना निघालीय आणि खुद्द विधान भवनाच्या आवारात भाजीचा बाजार भरवला गेलाय. मग माशी शिंकली कुठे?

रुमालाखालचा भाव

थोडं मागे जाऊ. १९६३ साली आपल्या विधिमंडळाने शेतमालाच्या खरेदी-विक्रीचं नियमन करणारा कायदा केला. त्यातूनच आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्या उभ्या आहेत, ज्यांना आपण सरसकट ‘एपीएमसी’ म्हणतो. एपीएमसी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाशीचं मार्केट आणि दलाल येतात. पण कायदा करणाऱ्यांचा हेतू शेतकऱ्याच्या बाजूचाच होता. त्याआधी व्यापारी आणि सावकार बऱ्याचदा एकच माणूस असायचा. काटा त्याचा, भाव त्याचा, कर्जाची वहीपण त्याचीच. कित्येक ठिकाणी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा आणि ज्याचा माल, त्यालाच तो कळायचा नाही. उघड लिलाव, खरा काटा आणि वेळेत पैसे, एवढं तरी मिळावं म्हणून कायदा आला.

पुढे त्याच कायद्याचं कुंपण झालं. परवाना असलेले ठरावीक आडते, नव्या खरेदीदाराला आत शिरायला अडचण, आणि आडत-हमाली-तोलाई सगळी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापलेली. पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हातात येणारा हिशेबाचा कागद. आपल्या मार्कशीटसारखाच, आधी वरचा आकडा बघायचा आणि मग वजाबाकी बघून गप्प बसायचं.

जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला. म्हणजे बाजार समितीच्या आवाराबाहेर हा माल विकायला-घ्यायला समितीच्या परवान्याची गरज उरली नाही, आणि आवाराच्या आत आडत द्यायची ती शेतकऱ्याने नव्हे, खरेदीदाराने, असं ठरलं. वाशीच्या व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, मुंबईत विधान भवनाच्या आवारात शेतकऱ्यांचा आठवडे बाजार भरला. योजनेला नाव दिलं संत शिरोमणी सावता माळी यांचं. अरणच्या आपल्या मळ्यात, भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल बघणारे सावतोबा. नाव अगदी चपखल. त्यानंतर पणन मंडळाच्या मदतीने मुंबई, ठाणे, पुण्यात असे बाजार सुरू झाले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. डोक्यावरची एक पाटी घेऊन येणाऱ्या मावशींना २०१६ आधीही कोणी परवाना मागत नव्हतं. फरक पडला तो गटाने येणाऱ्यांना. दहा शेतकऱ्यांनी मिळून टेम्पो भरला आणि थेट ठाण्यात किंवा डोंबिवलीत उतरवला, तर आता तो माल बाजार समितीत फिरवून आणायची सक्ती नाही. कायद्याने दार उघडलंय. प्रश्न आहे तो दाराच्या या बाजूचा, म्हणजे आपल्या बाजूचा.

मामाची भेंडी आणि आपली भेंडी

माझा एक मामा मुरबाड तालुक्यात शेती करतो. पावसाळ्यात भात, भात कापून झालं की भेंडी. मुरबाड-शहापूरची भेंडी चांगली असते, परदेशातसुद्धा जाते. भेंडीचं पीक म्हणजे रोजची हजेरी. एक दिवसाआड तोडावीच लागते, नाहीतर ती निबर होते आणि कोणी हात लावत नाही. मामी पहाटे हातमोजे घालून तोडायला जाते, कारण भेंडीची लव हाताला टोचते. मग प्रतवारी, मग पोती, मग गाडीची वाट.

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी मामाला भाव मिळाला किलोला २४ रुपये. गाडीभाडं, हमाली वजा जाऊन हातात आणखी कमी. त्याच संध्याकाळी आईने आमच्या नाक्यावर भेंडी घेतली, पावशेरला २० रुपये, म्हणजे किलोला ८०. मामाकडून आमच्या घरापर्यंत रस्ता एका तासाचा. एका तासात भेंडीला एवढं काय शिकवलं, असं मी मामाला गमतीने विचारलं. तो हसला नाही.

पण लगेच व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडू नका. मामा स्वतः मोडत नाही. तो म्हणतो, ‘तो माणूस माझा सगळा माल घेतो. चांगली, वाकडी, सगळी. पाऊस असो, बंद असो, त्याची गाडी येते. पोरीच्या लग्नात उचलही त्यानेच दिली. मी डोंबिवलीत येऊन दिवसभर बसलो, तर तोडायचं कोणी? आणि संध्याकाळी अर्धी भेंडी उरली तर ती काय परत घेऊन जायची?’ मुद्दा बरोबर आहे. शेती करणं हे पूर्ण दिवसाचं काम आहे आणि विकणं हेही पूर्ण दिवसाचं काम आहे. एकाच माणसाने दोन्ही करायची, हे ‘शेतकरी ते ग्राहक’ असं बॅनरवर लिहिण्याइतकं सोपं नाही.

उत्तर आहे ते गटात. आठ-दहा घरांनी मिळून दोघांना विकायला पाठवायचं, बाकीच्यांनी शेत बघायचं. आठवड्यातला एक ठरलेला वार, ठरलेली जागा, ठरलेली गिऱ्हाइकं. सगळा माल असा विकायची गरज नाही. निम्मा जरी विकला, तरी उरलेल्या निम्म्यासाठी व्यापाऱ्यासमोर ताठ मानेने भाव सांगता येतो, कारण ‘नाहीतर मी रविवारी कल्याणला विकेन’ असं म्हणता येतं. आज मामाला ते म्हणता येत नाही. ठरलेला वार त्याला मिळेल, गटही जमेल. ठरलेली जागा मात्र मिळत नाही.

जागा कुठाय, बॉस?

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं शहर आणि जागा नाही? खरंच विचार करा. ठाण्यात जांभळी नाका, कल्याणमध्ये स्टेशनजवळचं लक्ष्मी मार्केट, ही जुनी मार्केटं आधीच तुडुंब. तिथे गाळे ठरलेले, ओटे ठरलेले, बाहेरच्या फूटपाथवरचे फूटही ठरलेले. राहिला स्टेशनचा परिसर. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. ते योग्यच होतं, असं मी म्हणेन. डोंबिवलीच्या पुलावर सकाळी साडेआठला जो उभा राहिलाय, त्याला त्याचं कारण समजवायला नको.

पण मनाई करताना ‘इथे नको’ एवढंच सांगितलं गेलं. ‘मग कुठे’ हे सांगायचं राहिलं. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. त्यात विक्रेत्यांचं सर्वेक्षण आहे, ओळखपत्र आहे, फेरीवाला क्षेत्र आहे, शहर समिती आहे. त्या सगळ्याचा विचार मुळात रोज शहरात बसणाऱ्या विक्रेत्यासाठी आहे. वर्षातले आठ आठवडे रानभाज्या घेऊन येणाऱ्या, रोज वेगळ्या गाडीने येऊन दुपारच्या गाडीने परत जाणाऱ्या मावशींची नोंद कोण आणि कधी करणार? त्या ना शहराच्या यादीत, ना बाजार समितीच्या.

एक गंमत बघा. कृषी विभाग दर पावसाळ्यात, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, रानभाजी महोत्सव भरवतो. मंडप असतो, माहितीचे फलक असतात, मान्यवर येतात, आपण रील बनवतो. महोत्सव चांगला उपक्रम आहे, खोटं कशाला बोला. त्यातून कित्येकांना करटोली आणि भारंगी पहिल्यांदा कळली. पण महोत्सव संपला की तीच भाजी, तीच बाई, रस्त्यावर ‘अतिक्रमण’ होते.

दुसरी गंमत. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. नागपूरपासून ७०१ किलोमीटरचा रस्ता आता आपल्या भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत येतो. विदर्भ-मराठवाड्याचा, नाशिकचा माल काही तासांत आपल्या दारात पोहोचू शकतो. छानच आहे. तो रस्ता जातो शहापूर, कल्याण, भिवंडी तालुक्यांतल्या जमिनींवरून. ज्यांची जमीन रस्त्यात गेली, त्यांच्या शेजाऱ्याला आपल्याच जिल्ह्याच्या शहरात भाजी विकायला चार फूट जागा नसावी, हे काही पटत नाही.

१८ आमदार आणि आपण

आता थोडं राजकारण. घाबरू नका, कोणाचा झेंडा नाही.

पालघर वेगळा झाल्यावर, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासून, आपल्या ठाणे जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. यातले खरोखर गावांवर चालणारे किती? शहापूर, मुरबाड, भिवंडी ग्रामीण. त्यातही मुरबाड मतदारसंघात अख्खं बदलापूर शहर येतं. ‘कल्याण ग्रामीण’ असं नाव आहे, पण तिथे जाऊन बघा, भाताच्या खाचरांपेक्षा टॉवर जास्त दिसतील. बाकी ठाणे, कोपरी-पाचपाखाडी, डोंबिवली, कल्याण पूर्व-पश्चिम, उल्हासनगर, मीरा-भाईंदर, ऐरोली, बेलापूर ही सगळी शहरंच.

याचा अर्थ काय? ठाणे जिल्ह्याच्या शेतकऱ्याबद्दल विधानसभेत बोलायचं झालं तर त्याच्या मतांवर निवडून आलेले दोन-तीनच. उरलेले पंधरा आपल्या मतांवर. आपण त्यांच्याकडे काय मागतो? लोकल, खड्डे, पाणी, पार्किंग. सगळं रास्त. पण शेतीचा प्रश्न आपण मागत नाही, म्हणून तो त्यांच्या यादीत नाही. विदर्भातला आमदार कापसावर सभागृह डोक्यावर घेतो, कारण कापसाचा मतदार त्याच्या दारात बसलेला असतो. मुरबाडच्या भेंडीसाठी डोंबिवलीच्या आमदाराने बोलायचं, तर डोंबिवलीच्या मतदाराने सांगायला हवं. तुमच्यातले बहुतेक १८ पूर्ण झालेत. म्हणजे तो मतदार तुम्हीच.

आणि मागायचं काही अवाढव्य नाहीये. प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो, वर्षाला ५ कोटी. त्यातून व्यायामशाळा होतात, बाकडी येतात, कमानी उभ्या राहतात. आठवडे बाजारासाठी एका मोकळ्या सार्वजनिक जागेवर पत्र्याची शेड, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी स्वच्छतागृह, हे त्याच्या पुढे किती? पहाटे चारला घरातून निघालेल्या बाईला दुपारपर्यंत स्वच्छतागृह मिळत नाही, म्हणून ती पाणी पीत नाही. हे मला मावशींनीच सांगितलं. असल्या गोष्टी कुठल्या योजनेच्या जाहिरातीत येत नाहीत.

पगाराच्या स्लिपवरचे २०० रुपये

‘शहराने गावासाठी का करायचं?’ असा प्रश्न मला एका मित्राने कट्ट्यावर विचारला होता. त्याला मी एक काम सांगितलं, ते तुम्हीही करा. घरी कोणाची पगाराची स्लिप असेल तर बघा. त्यात ‘व्यवसाय कर’ किंवा ‘पीटी’ नावाची कपात दिसेल. बहुतेकांना महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर आला कुठून?

१९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला. मागेल त्याला काम द्यायचं. कल्पना होती वि. स. पागे यांची. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. पुढे १९७२ चा मोठा दुष्काळ पडला आणि हीच कल्पना राज्यभर वापरली गेली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसे कुठून आणायचे? १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावला गेला. नोकरदार, व्यावसायिक यांच्याकडून, म्हणजे मुख्यतः शहरांतून, जेवढा पैसा गोळा होईल तेवढीच भर सरकारने टाकायची आणि त्यातून गावात काम द्यायचं. १९९० पासून रोजगार हमीच्या जोडीने फळबाग लागवडीची योजना आली. कोकणातल्या कित्येक वरकस डोंगरांवर आज आंबा-काजू दिसतो, त्यात या योजनेचा वाटा आहे. २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

म्हणजे शहराच्या खिशाची आणि गावाच्या शेताची गाठ मारायचं काम आपल्याच लोकप्रतिनिधींनी एकदा करून दाखवलंय, तेही पन्नास वर्षांपूर्वी. आणि परतफेड म्हणाल, तर सकाळी नळ सोडा. मुंबई-ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पाण्याचा मोठा भाग भातसा, तानसा, मोडकसागर, बारवी अशा धरणांतून, शहापूर-मुरबाडच्या बाजूने येतो. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. तर, शहराने गावासाठी का करायचं, हा प्रश्न पाणी पिऊन झाल्यावर विचारू नये.

हल्लीही योजना आहेत. २०२३ पासून ‘नमो शेतकरी’मधून वर्षाला ६ हजार रुपये खात्यात येतात. भात पिकवणाऱ्यांना हेक्टरी बोनस जाहीर होतो. कर्जमाफ्या झाल्या, २०१७ ची, २०१९ ची. त्यांची टिंगल करण्यात मला रस नाही. मामाला ते पैसे बियाण्याला कामी आले. पण खात्यात आलेले पैसे एका हंगामात संपतात. बाजारातली जागा दर आठवड्याला पैसे देते, आणि ते स्वतःच्या मालाचे असतात. जमीन ठेवायची की विकायची, हे त्यावर ठरतं. मामाच्या शेजारच्या दोन शेतांना आता तारेचं कुंपण आहे. फार्महाऊस होणार म्हणे. विकणारा आळशी नव्हता. त्याची वजाबाकी जमली नाही, एवढंच.

‘आमच्याकडे दहा मिनिटांत येते’

हो, मला माहितीये. ॲपवर भाजी दहा मिनिटांत येते, धुतलेली, निवडलेली. मीही मागवतो. सबमिशनच्या रात्री मॅगीसोबत कोथिंबीर कोणाला खाली जाऊन आणायचीय? ते बंद करा असं कोणी म्हणत नाहीये. पण ॲपवर शेवळं येत नाहीत. कुड्याची फुलं येत नाहीत. आणि ती कशी करायची, काकडं किती घालायची, हे ॲप सांगत नाही. आठवड्यातून एक दिवस, एक पिशवी, तेवढंच मागणं आहे.

दुसरी शंका अशी की, शेतकऱ्यांच्या नावाने व्यापारीच बसतात. खरं आहे. असे ‘शेतकरी बाजार’ मीही पाहिलेत, जिथे ‘शेतकरी’ वाशीहून आणलेली सफरचंदं विकत असतो. यावर इलाज म्हणजे नियमित गिऱ्हाईक. दर आठवड्याला जाणाऱ्याला चार खेपांत कळतं की ही भेंडी कुठली, हा माणूस कोण. जो विचारतो, त्याला फसवणं कठीण. तुम्ही तर प्रश्न विचारण्यात पटाईत, निदान व्हायवाच्या बाहेर तरी!

मग करायचं काय?

नुसता संताप स्टेटसवर टाकून उपयोग नाही. माझ्याकडे चार कामं आहेत. एक जरी केलं तरी चालेल.

पहिलं, कॉलेज. रविवारी तुमच्या कॉलेजचं पार्किंग रिकामं असतं. एनएसएसचं युनिट असेल तर प्राचार्यांकडे विषय मांडा: महिन्यातला एक रविवार, सकाळी सात ते अकरा, जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटासाठी. जिथे तुमचं सात दिवसांचं हिवाळी शिबिर होतं, त्याच गावचा गट बोलवा. आपण शिबिरात जाऊन बंधारा घालतो, फोटो काढतो आणि परत येतो. तेच नातं वर्षभर टिकवायचा याहून सोपा मार्ग नाही. हिशेब ठेवायला कॉमर्सवाले, पोस्टर करायला मासमीडियावाले. क्रेडिट मिळतील न मिळतील, अनुभव मिळेल.

दुसरं, सोसायटी. पन्नास फ्लॅटच्या सोसायटीत आठवड्याला भाजी काय थोडी लागते? सेक्रेटरी काकांना पटवायचं काम तुमचं. गेटच्या आत एका कोपऱ्यात दोन तास. ‘वॉचमनला त्रास होईल’ हे उत्तर ठरलेलं असेल, त्याची तयारी ठेवा.

तिसरं, महापालिका. तुमच्या प्रभागाच्या विकास आराखड्यात मार्केटसाठी राखीव भूखंड आहे का, तो आज काय अवस्थेत आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. १० रुपयांचा अर्ज लागतो. उत्तर आलं की नगरसेवकाकडे जा, एकटं नको, दहा जण मिळून. जागा पडून असेल तर आठवड्यातला एक दिवस आठवडे बाजाराला द्या, एवढीच मागणी.

चौथं, आमदार. त्यांचं कार्यालय तुमच्या वॉर्डातच असतं, दिवाळीला फडके रोडला किंवा राम मारुती रोडला तुम्ही ज्यांच्या बॅनरखाली सेल्फी काढता तेच. अधिवेशनाच्या आधी एक पत्र द्या. त्यात एकच वाक्य पुरे: ‘२०१६ साली तुमच्या विधान भवनात जसा बाजार भरला, तसा आमच्या भागात कुठे भरवणार?’ पत्रावर तुमचं नाव, कॉलेज, आणि मतदार ओळखपत्राचा उल्लेख. तो शेवटचा उल्लेख फार नीट वाचला जातो.

यंदा पाऊस लवकर आला तर शेवळं मेच्या शेवटालाच दिसू लागतील. आईने आत्तापासून फर्मान काढलंय, त्याच मावशींकडून घ्यायची. त्या कुठे बसतील ते तिला माहीत नाही, मला माहीत नाही, आणि खुद्द मावशींनाही माहीत नाही. मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोललोय. ते म्हणाले, ‘बघू.’ हे ‘बघू’ जूनपर्यंत ‘या’ होतं का, याच्या मागे मी लागलोय. तुम्ही तुमच्या गेटवर सुरुवात करा.